डब्याला भोक पडलं नाही, हेम्या

हेम्या, तुझ्या तेराव्याला मी मुलुंडला तुझ्या घरी जेवले. तुझ्या घरी जेवताना कुणी माझ्याशी वाद घातला नाही, असं पहिल्यांदाच झालं. तुझी मृणाल वाढत होती, मी मान खाली घालून खात होते. समोर टीपॉयवर हार घातलेला तुझा फोटो. फोटोवाल्याने तो इतका घासूनपुसून दिलाय की गालावरचा तो सायकलवरून आपटल्याचा व्रणच गायब. डोळ्यांखालची काळी वर्तुळंही गेली. विमा विकायला आलेल्या एखाद्या गुळगुळीत एजंटसारखा दिसतोस. मी मनात म्हटलं, बघ, हेच सांगत होते मी तुला इतकी वर्षं. चित्र फार स्वच्छ केलं की माणूस जातो. आणि सवयीने तुझ्याकडे पाहिलं, तू आता 'अगं शुभे, पण' म्हणून सुरू करशील म्हणून. तू काही बोलला नाहीस. मग पानातलं तसंच सोडून मी उठले.

मी तुला दिवसातून किती वेळा 'मेल्या' म्हणायचे, मोजदाद नाही. आमच्या मालवणी घरात तो शब्द म्हणजे पाठीवरची थाप. माझी आईसुद्धा विचारायची, 'तुझो तो मेलो हेमंत खंय आसा?' आता तो शब्द जिभेवर येतो आणि मी गिळून टाकते. हे तुला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

तुमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हात धुताना मला विचारलं, 'तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या ना? ते सीसीटीव्हीचं काम करायचे ना?' मी हो म्हणाले. तू असतास तर त्या काकांना अर्धा तास सोडलं नसतंस. म्हणाला असतास, काका, दुकानातला कॅमेरा वेगळा आणि जहाजावरचा वेगळा. आमचा कॅमेरा नौदलाच्या जहाजावर उघड्यावर बसतो, खारं पाणी अंगावर घेतो, खालच्या इंजिनाचे हादरे खातो, आणि अमावास्येच्या काळोखात नुसत्या चांदण्यांच्या उजेडावर एखादी छोटी होडी दाखवतो. मग मला पुढे ढकललं असतंस. म्हणाला असतास, चित्राचं मी बघतो, आणि ज्या डब्यात ते सगळं बसतं, तो डबा ह्या बाईचा. हे तू नेहमी सांगायचास. मी कधीच कुणाला तुझ्याबद्दल असं सांगितलं नाही. काकांना नुसतं हो म्हणून मी हात पुसले.

अंधेरीतला आपला गाळा तू सोडून गेलास तसाच आहे. शेजारच्या गाळ्यात अजून अगरबत्त्या भरतात. मधल्या पॅसेजला तू छत्रीचं काळं कापड शिवून पडदे लावलेस, भर दुपारीही आत मिट्ट काळोख राहील म्हणून, आणि त्या काळोखाला कायम चंदनाचा वास. नवीन येणारा प्रत्येक माणूस आत गेला की आवाज खाली आणायचा, देवळात आल्यासारखा. तुला त्याचं फार हसू यायचं.

कॅमेरा तपासायची आपली पद्धत किती साधी होती. एकाने काळा रेनकोट घालून पॅसेजच्या टोकाला चालायचं, दुसऱ्याने बाहेर स्क्रीनसमोर बसायचं आणि माणूस दिसला की घंटी मारायची. चालायचास तू, बसायचे मी. तुला बसणं जमायचंच नाही. हात मागे बांधून, गुडघेदुखी असल्यासारखा, जोगेश्वरीच्या बागेत फिरायला आल्यासारखा चालायचास. शेवटी कॅमेऱ्याकडे तोंड करून अंगठा ओठाला लावायचास. म्हणजे झालं, आता चहा. प्रत्येक कॅमेऱ्याचं असं चालतं चित्र रेकॉर्ड करून जपून ठेवलेलं आहे. त्यामुळे आपल्या गाळ्यात तुझी जेवढी चित्रं आहेत तेवढी मृणालकडेही नसतील, आणि एकातही तुझं तोंड धड दिसत नाही.

आपल्या भांडणाची सुरुवात कुठून झाली, तुला आठवतं का? तू म्हणायचास, त्या जहाजावर गेलो तिथून. मी म्हणते त्याच्याही आधी, पहिल्या लॉटपासून. तुला एक केबल बाहेर काढायची होती, म्हणून तू माझ्या डब्याला भोक मागितलंस. मी दिलं. भोक तुझं, त्यातलं रबर माझ्या पसंतीचं. काही महिन्यांनी डबे परत आले, काचेला आतून धुकं. मी एक डबा टेबलावर उघडला आणि चमचाभर पाणी सांडलं. मी बोट लावून चाखलं. खारट. तू म्हणालास, 'आता ह्यात कैरी घाल.' तेव्हापासून तू, डबे गंजतात-गळतात का ते बघायच्या आपल्या खाऱ्या वाफेच्या पेटीला लोणच्याची बरणी म्हणायला लागलास. दर सोमवारी यायचास आणि विचारायचास, 'शुभे, डबे मुरत घातलेस का?' सगळे हसायचे. मी नाही हसले. मी त्या दिवशी ठरवलं होतं, परत कुणाला भोक मागू द्यायचं नाही. आणि दिलंही नाही, इतक्या वर्षांत.

मग ते जहाज. गोदीत उभं होतं आणि आपल्याला आत जायचा पास मिळाला होता. तू इस्त्रीचा शर्ट घालून आला होतास, लग्नाला निघाल्यासारखा. स्क्रीनवर पहारा करणारे ते मिश्यावाले गृहस्थ आपल्याला बघून आनंदले. चहा मागवला. आणि मग हळूच म्हणाले, 'साब, कॅमेरा बढिया है. लेकिन रात को इसमें मच्छर बहुत नाचते हैं. एक वॉच के बाद आँख बंद करो तो भी मच्छर.' तुझा चेहरा पडला. काळोख वाढला की चित्रात ती दाणेदार मुंगीमुंगी होते, ते तुलाही माहीत होतं, मलाही. तिला आपण तोंडभर इंग्रजी नाव द्यायचो. त्या दिवसापासून ते मच्छरच झाले.

परत येताना टॅक्सी केली. सांताक्रूझ आलं तेव्हा म्हणालास, 'मच्छर मारायला हवेत.' मी म्हटलं, 'मारशील, पण होडीही मारशील त्यांच्याबरोबर.' तू म्हणालास, 'बघूच.' झालं. तिथून पुढे आपण जे भांडलो, त्याला तोड नाही.

आणि तू पॅसेजमध्ये पाळी बदललीस. म्हणालास, आज तू चाल, मी बसतो, पुरी एक वॉच, त्या मिश्यावाल्यांच्या पहाऱ्याएवढी. मी काळा रेनकोट घातला, अधूनमधून मनाला येईल तेव्हा आत जाऊन चालून यायचे. तू मच्छरांकडे बघत बसलास. सुरुवातीला घंटी वाजायची. मग उशिरा वाजायला लागली. मग वाजेचना. मी आत चालले, थांबले, दोन्ही हात वर केले, अगदी कॅमेऱ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. शांतता. बाहेर आले तर तू डोळे उघडे ठेवून स्क्रीनकडे बघत होतास. डोळे लाल, पाणी गळतंय. मी म्हटलं, 'मेल्या, म्हातारा झालास. नजर गेली तुझी.' तू म्हणालास, 'नजर नाही गेली गं. नजर थकली. तो माणूस रोज थकतो.'

मला ते तेव्हाच पटलं होतं. पण वादात एक पाऊल मागे घेणं म्हणजे आमच्याकडे घर विकल्यासारखं. मी म्हटलं, 'मग कर तुझं चित्र स्वच्छ आणि मी चालते. बघू कोण दिसतं.' तू सफाई चालू केलीस. मच्छर गेले. पॅसेजची भिंत काय सुंदर दिसायला लागली, रंगाचा पोपडा न पोपडा मोजून घ्यावा. मी चालून आले. तू बाहेर मान खाली घालून बसला होतास. नंतर मीही चित्र बघितलं. भिंत होती. मी नव्हते. काळोखातली हलणारी गोष्ट ती सफाई मच्छर समजून पुसून टाकत होती. तूही बरोबर, मीही बरोबर. दोघांनी एकदम बरोबर असण्याइतकं वैतागाचं दुसरं काही नाही.

तेव्हा तुला ते बटण सुचलं. एरवी चित्र स्वच्छ राहील, डोळे थकणार नाहीत. आणि अधूनमधून, शंका आली की, पहाऱ्यावरच्या माणसाने बटण दाबून धरायचं. जोवर बोट बटणावर, तोवर मच्छर, आणि मच्छरांत जे काही असेल ते. बोट सोडलं की परत स्वच्छ. मी विचारलं, 'धरून का ठेवायचं? एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, असं कर ना.' तू म्हणालास, 'नाही. माणूस विसरतो. मच्छर चालूच ठेवून बसेल आणि परत तेच होईल. हवं तेवढाच वेळ बघायचं आणि सोडायचं.'

कल्पना झकास होती. हे मी तुला म्हणाले का? नाही. मी म्हणाले, 'बटण कुठे लावणार?' तू म्हणालास, 'स्क्रीनच्या डब्यावर, अजून कुठे?' तो स्क्रीनचा डबाही माझाच, उघड्यावर लाटा खाणारा. बटण म्हणजे भोक. मी तिथल्या तिथे सांगितलं, भोक पाडू देणार नाही. तू म्हणालास, 'तू माणसाच्या डोक्याला भोक पाडशील, पण डब्याला पाडू देणार नाहीस.' मग तू रबराचे नमुने आणलेस, परदेशी बटणांची पुस्तकं आणलीस. मी सगळं लोणच्याच्या बरणीत घातलं आणि एकेक सडवून तुझ्या टेबलावर आणून ठेवलं. एकदा तर बटणासकट बशीत घालून, वर कोथिंबीर पेरून. खूप हसलास त्या दिवशी. मलाही फार बरं वाटलं होतं जिंकल्याचं.

शेवटच्या शुक्रवारी मी मेट्रो पकडायला निघाले होते, घाटकोपरला आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. तू जिन्यापर्यंत आलास. 'शुभे, सोमवारी थोडा वेळ काढ. बटणाचं काहीतरी सापडलंय, दाखवतो.' मी उतरता उतरताच म्हटलं, 'डब्याला हात लावलास तर बघ.' तू वरून म्हणालास, 'नाही लावत बाई.' हेच आपलं शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांच्या दोस्तीचं शेवटचं वाक्य कसलं, तर डब्याचं. रविवारी सकाळी मृणालचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, 'ताई, हेमंत गेला.' मी मूर्खासारखं विचारलं, 'कुठे?'

गाळ्याचे मालक, आपले करंदीकर साहेब, भला माणूस. तुझ्या टेबलाला कुणाला हात लावू दिला नाही. पण काम थांबत नाही ना. परवा माझ्याकडे आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, 'शुभाताई, स्क्रीनच्या डब्याचं ड्रॉइंग आता द्यायला हवं. बटणाचं तुम्हीच काय ते ठरवा. तो असता तर म्हटलं असतं, तुमचं मिटू दे आधी.' मला माहीत होतं ते काय सांगत होते. हे ड्रॉइंग एकदा गेलं की डबे कापले जाणार आणि वर्षानुवर्षं तेच जहाजांवर राहणार. बटण नसलं तर पहाऱ्यावरच्या माणसाला दोनच गोष्टी मिळणार, एक तर रात्रभर मच्छर, नाहीतर छान स्वच्छ रिकामा समुद्र. मी जिंकले होते, हेम्या. समोर कुणीच नव्हतं आणि मी जिंकले होते. इतकं घाणेरडं मला कधी वाटलं नव्हतं.

म्हणून काल परत मृणालकडे गेले. म्हटलं, त्याच्या काही वस्तू घरी असतील कामाच्या. ती स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातून एक प्लास्टिकचा डबा घेऊन आली, चकल्यांचा असतो ना तसला. म्हणाली, 'हा बाई घेऊन जा. मला डबा हवा होता, तर हात लावू देईना. शुभाला दाखवायचाय म्हणाला. आणि माझं फ्रिजवरचं मालवणचं मॅग्नेट पळवलं, ते पण ह्यालाच.' झाकण मेणाने बंद केलेलं. आत मिठाचं पाणी काठोकाठ, त्यात उलटी घातलेली छोटी काचेची बरणी, बरणीत बॅटरी, एक दिवा आणि चुंबक जवळ आलं की जोडली जाणारी ती काडीएवढी काचेची नळी. बाहेरून डब्याला रबरबँड लावून ते मॅग्नेट अडकवलेलं, सिंधुदुर्गाचं चित्र असलेलं, मीच तुम्हाला दिलेलं.

मी अंगठ्याने मॅग्नेट सरकवलं. दिवा लागला. सोडलं, रबरबँडने ते मागे ओढलं, दिवा विझला.

भोक नव्हतं. कुठेच नव्हतं. मी चारी बाजूंनी बघितलं, सवयीने.

मृणाल म्हणाली, 'कळलं का तुम्हाला काय आहे ते? मला तर तो नुसता दिवा लावून दाखवायचा आणि हसायचा.' मी मान हलवली. मग मला रडू आलं, तिच्यासमोर, तिनेच मला पाणी दिलं. तुझ्या बायकोने मला पाणी द्यावं, हे काही बरं झालं नाही.

आणि खरं सांगू? रडता रडता माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? चुंबक? जहाजावर? अरे, होकायंत्राचं काय? सुई हलली म्हणजे? मी तोंड उघडलंसुद्धा. तू हे विचारलं जाणार हे धरूनच बसला असशील, आणि उत्तरही तयार असणार, ते तुझं खवचट हसू तयार असणार. पण उत्तर डब्यात नव्हतं. आज सकाळी मीच एक होकायंत्र मागवलं, तेवढंच चुंबक घेतलं आणि टेबलावर जवळ नेत गेले. चांगलं हातभर अंतरात आलं तेव्हा कुठे सुई हलली. स्क्रीनचा डबा होकायंत्रापासून त्याच्यापेक्षा कितीतरी लांब असतो. आपला डबा अ‍ॅल्युमिनियमचा, चुंबकाला आडवा येत नाही. म्हणजे जमतं. तुझ्या बाजूनेही मीच बोलले आणि माझ्या बाजूनेही मीच. एकटीने वाद घालण्यात काही राम नाही रे.

तू माझी अट मानलीस. भोक नको म्हणाले, तर घरी बसून, बायकोचा डबा ढापून, भोकावाचून केलंस. मी तुझं काय मानलं? माणूस थकतो हे मला त्या दिवशी पॅसेजमध्येच पटलं होतं, तुझे लाल डोळे बघून. 'बरोबर आहे तुझं' म्हणायला काय लागलं असतं? तीन शब्द. तू आठवडाभर मिरवलं असतंस, चहावाल्यालासुद्धा सांगितलं असतंस. मिरवू द्यायला हवं होतं तुला.

दुपारी ड्रॉइंग केलं. बटणाच्या जागी डब्याला बाहेरून एक खाच, त्यात सरकणारं चुंबक, मागे ओढायला स्प्रिंग. कोपऱ्यात दोघांची नावं असतात तिथे तुझंही टाकलं. साहेबांनी बघितलं, सही करून दिली.

मग तुझी ती काचेची नळी चित्राच्या यंत्राला जोडून बघायची होती, खरंच चालतं का. पडदे ओढले. तपासायला काहीतरी चित्र हवं, म्हणून मागच्या लॉटमधलं हाताला आलं ते लावलं, सफाई होण्याच्या आधीचं, आणि सफाई चालू केली. भिंत दिसली. स्वच्छ, पोपड्यांसकट. चंदनाचा वास होताच. मी अंगठ्याने चुंबक सरकवलं आणि मच्छर उठले, आणि मच्छरांत तू होतास. काळा रेनकोट, हात मागे बांधलेले, तेच रेंगाळत चालणं. टोकापर्यंत गेलास, वळलास, माझ्याकडे तोंड केलंस आणि अंगठा ओठाला लावलास.

मी चित्र परत मागे नेलं. परत चाललास. परत नेलं. बरोबर आहे तुझं, हेम्या, असं मी मोठ्याने म्हणाले. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. हवं तेवढाच वेळ बघायचं आणि सोडायचं, असं तूच ठरवलेलं. स्प्रिंगच्या जागी मी अजून रबरबँडच लावला होता, तो चांगलाच ओढत होता. अंगठा दुखायला लागला तरी धरून ठेवला. मग सुटला.

भिंत छान स्वच्छ दिसत होती.